नाईकाचं नाव

"हे नाव वापरता येत नाही. कृपया दुसरे नाव निवडा."

प्रेमसिंगनं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली आणि त्याचे कान तापले. सेनगावात विश्वंभरच्या नेट कॅफेत त्याच्या पाठीमागे अर्धा तांडा उभा होता. सकाळीच पंचांसमोर म्हाताऱ्या रूपसिंगनं नाईकपण सोडलं होतं आणि आपलं पागोटं लेकाच्या डोक्यावर ठेवलं होतं. नाईक बदलला की तांड्याचं नाव बदलायचं, ही त्यांची जुनी रीत. विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या त्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, तांड्याचं पान प्रेमसिंगनंच दोन वर्षांपूर्वी हौसेनं तयार केलं होतं. शीर्षक होतं 'रूपसिंग नाईक तांडा'. आज तिथं आपलं नाव चढवून दाखवतो, असं सांगून त्यानं मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना जीपनं आणलं होतं.

'प्रेमसिंग नाईक तांडा' चाललं नाही. मग त्यानं 'प्रेमसिंगराव' करून पाहिलं. मग पुढं 'श्री' लावला. संगणकानं आपला एकच हेका धरला होता, दुसरे नाव निवडा.

"त्याला बी पटंना बगा," त्याची बायको निर्मलाबाई पदराआड हसत म्हणाली. "घरात तुमचं कोणी ऐकंना, म्हून इथं आले व्हते."

मागं खसखस पिकली. प्रेमसिंगला मात्र हसू येईना. पागोटं अजून डोक्यावर नीट बसलं नव्हतं आणि हे यंत्र चारचौघांत सांगत होतं, की तू नाईक शोभत नाहीस. आज इथं हसं झालं तर उद्या तांड्यातल्या भांडणात आपला शब्द कोण मानणार? रूपसिंग दाराशी बाकावर बसून बशीतला चहा पीत होता. लेकाची फजिती त्याला तिथूनच दिसत होती.

शेवटी प्रेमसिंगनं पुण्याच्या एका गृहस्थांना फोन लावला. विकीची पानं सांभाळायचं काम ते करत. पान केलं तेव्हाची ओळख होती. निर्मलाबाईनं फोनचा स्पीकर लावायला लावला.

"सायेब, माझ्या नावात काय खोट हाये? तुमची विकी काहून घेऊन न्हाई राहिली?"

पलीकडं बटणं वाजली. मग गृहस्थ हसले.

"अहो, नावात काही खोट नाही. पानाला कुलूप आहे. कुलूपबंद पानाचं नाव बदलायला गेलं की आमचा तो संदेश उगाच नावाला दोष देतो. गोंधळ आमचाच आहे."

प्रेमसिंगची छाती फुगली. तो मागं वळला. "ऐकलं का? नाव बराबर हाये." आणि मग फोनमध्ये दरडावून म्हणाला, "कुलूप कोनी लावलं ते सांगा. त्याच्याकडं बगतोच मी."

"लावलं मी, पण लावा म्हणून फोन तुमचाच आला होता. असं कोणी कधी सांगत नाही, म्हणून शब्दन्‌शब्द लक्षात आहे."

बाकावरच्या म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली.

"तुम्ही म्हणाला होता, 'माझ्या बाचं नाव हाये, सायेब. कोनी बदलाया आलं तर बदलू देऊ नका. उद्या मी आलो तरी.'"