मोठ्यानं हो म्हण

"त्या फोनवाल्या बाईनं विचारलं काय आणि तू बोललीस काय, सगळं सांग. गाळू नकोस काही," अकिनेतीबाई म्हणाल्या.

तेबोरानं सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्धाश्रमातून ती बाई बोलत होती. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालता येईल का, रात्रपाळी जमेल का, असं विचारत होती. तेबोरानं सगळ्याला होकार दिला होता. तरी पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो. आणि मागाहून निरोप आला की उमेदवाराला इंग्रजी कळत नाही. गयावया केल्यावर आणखी एक फोन कबूल झाला, तो आज दुपारी यायचा होता. आज हुकलं की संपलं.

अकिनेतीबाईंना हे कोडं काही केल्या सुटेना. प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर, बेसियो गावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता एकेकाची शिकवणी घेत. ही पोरगी तर समोर बसवून काहीही विचारलं तरी अडत नसे. मग पाणी मुरतंय कुठं? खरं सांगायचं तर तेबोराच्या नोकरीपेक्षा बाईंना या कोड्याचीच ओढ जास्त लागली होती.

त्या आपला फोन घेऊन तेबोराच्या घराच्या मचाणावरून उतरल्या आणि नीरफणसाच्या झाडाआड गेल्या. तिथून त्यांनी तेबोराला फोन लावला आणि गोऱ्या मडमेच्या थाटात इंग्रजीत विचारलं, तुम्ही तेबोरा का?

उत्तर नाही.

स्वयंपाक येतो का? काही नाही. माझं बोलणं ऐकू येतंय का? तरी काही नाही. रेंज गेली म्हणावं, तर मचाणाखालच्या कोंबड्या फोनमधून स्वच्छ ऐकू येत होत्या. बाईंनी झाडाआडून मान बाहेर काढली.

तेबोरा फोन कानाला लावून ताठ बसली होती आणि समोरच्या समुद्राला भुवया उडवून दाखवत होती. एकदा उडवल्या, पुन्हा उडवल्या, मग समोरचा आंधळाच असावा तशा चांगल्या कपाळापर्यंत नेल्या.

बाई झाडाला टेकून हसत सुटल्या. भुवया उडवल्या की हो, हे तारावातलं पोर बोलायच्या आधी शिकतं. इतके दिवस समोरासमोर बसून त्या स्वतःच तिच्या भुवयांना शाबासकी देत आल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसू ओसरल्यावर त्यांना आपलीच थोडी लाज वाटली.

"अगं, तिला तुझ्या भुवया कुठून दिसणार?" मचाणावर चढत त्या म्हणाल्या. "तू मूग गिळून बसलीयेस असंच वाटलं असेल तिला."

"मी तर प्रत्येकाला हो म्हटलं, बाई."

"तोंडानं म्हणायचं. मोठ्यानं."

"तसं भांडल्यासारखं वाटतं."

"मग भांड. पण ऐकू येऊ दे."

दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. बाई विचारत आणि तेबोरा येस म्हणे. आधी भुवया पुढं धावत आणि येस मागून लंगडत येई. हळूहळू दोन्ही जोडीनं यायला लागलं. भुवया काही थांबत नाहीत, असं तेबोरानंच सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, उडू देत, त्यांना कोण अडवतंय.

तेबोराची आई कोपऱ्यात केवड्याच्या पातीची चटई विणत होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेबोराची लेक अरेता झोपली होती. म्हातारीला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण तेबोराच्या भुवयांकडे बघत ती सगळी शिकवणी मजेत ऐकत होती.

फोन आला. तेबोरानं तो स्पीकरवर टाकून समोर ठेवला. बाईंनी डोळे मिटून नुसते कान लावले.

आंघोळ घालाल का? येस. रात्रपाळी? येस. कुणी चिडून अंगावर ओरडलं तर शांत राहाल का? येस. प्रत्येक येस आधीच्याहून ठणठणीत. पलीकडचा आवाज निवळत गेला. इंग्रजी छान आहे की तुमचं, मागच्या वेळी लाइनच खराब असणार, असं ती बाई म्हणाली. मग तिनं शेवटचं विचारलं. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. तीन वर्षं तिला इकडं आणता येणार नाही. तिला तिथं ठेवून यायची तयारी आहे ना?

"येस," तेबोरा म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं, शिकवलं होतं तसंच.

नोकरी पक्की झाली. बाईंनी डोळे उघडून तिची पाठ थोपटली. मला पाणी आणायचंय, असं म्हणून तेबोरा कळशी घेऊन खाली उतरली. बाई आपल्यावरच खूश होत्या. कोडं सुटलं होतं आणि पोरगीही मार्गाला लागली होती.

म्हातारीनं चटई बाजूला ठेवली. अरेताच्या डोक्यावर हात ठेवून ती विहिरीकडे जाणाऱ्या लेकीकडे बघत राहिली.

"येस तर सगळ्यालाच म्हणाली," ती बाईंना म्हणाली. "शेवटच्याला तेवढं हो म्हणाली नाही. काय विचारलं होतं त्या बाईनं?"