विमानाने आलेले कोट

पडद्यावर आकडा येणार म्हणून दुकानातले दिवे मंद केले, तेव्हा मालकांच्या लेकीने हसू लपवायला रुमाल तोंडाशी धरला.

बापाच्या कपड्यांच्या दुकानांचा माल कारखान्यातून उचलून प्रत्येक शाखेत पोचवायचा, हे तिचं काम. कॉलेज सुटल्यापासून ती तेच करत आली होती. अशा कामाला यश नसतं. माल वेळेवर आला की कुणी नाव घेत नाही आणि उशीर झाला की सगळे घेतात.

समोर माइकपाशी उभी होती भावजय, धाकट्या भावाची बायको. घरात येऊन तिची नवलाई अजून ओसरली नव्हती, तोच तिने सासऱ्यांच्या गळी एक गोष्ट उतरवली होती. आपली दुकानं दरवर्षी धूर कमी करणार आणि तसा शब्द जाहीर देणार. ज्या बाबांनी आयुष्यभर कार्बन म्हणजे बिलाखाली घालायचा निळा कागद एवढंच ओळखलं, ते आता भेटेल त्याला धरून उत्सर्जन समजावून सांगत.

लेकीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. दुकानांतले दिवे बदलले, ते तिने गिळलं. पिशव्या कागदाच्या झाल्या, तेही गिळलं. मग बाबांनी स्वतःच्या शेजारची काचेची केबिन सुनेला दिली आणि पाहुण्यांना सांगितलं, "ही सून नाही हो, लेकच आहे माझी." खरी लेक तिथेच उभी होती, हातावर नमुन्याचे कोट घेऊन. ते मात्र तिला गिळता येईना.

त्याच दुपारी कारखान्याचा फोन आला. हिवाळ्याचे कोट लांबले होते, जहाजाने आठवडाभर उशीर होणार होता. आठवड्याने काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण जहाजापेक्षा विमान कित्येक पटींनी जास्त धूर ओकतं, हे भावजयीनेच एका बैठकीत सगळ्यांना शिकवलं होतं.

"सगळे कोट विमानाने पाठवा," लेक म्हणाली.

"सगळे?" पलीकडचा चाचरला. "ताई, तुमच्याकडे ते धुराचं काहीतरी ठरलंय ना?"

"माल कोण मागवतं? मी की ती?"

भावजयीने थेंबे थेंबे साचवलेलं तळं लेकीने एका फोनवर उपसून टाकलं. आता फक्त वर्षभराच्या धुराचा आकडा यायचा होता. चारचौघांत भावजयीचं पितळ उघडं पडलं असतं आणि उद्या सकाळी ऑफिसात शिरताना बाबांनी आधी लेकीला हाक मारली असती. तिला दुसरं काहीच नको होतं.

आकडा आला. दिलेल्या शब्दाहूनही खाली होता. टाळ्या वाजल्या, बाबा तर उभे राहून वाजवत होते.

लेकीचा रुमाल हातातच राहिला. लोक पांगल्यावर तिने भावजयीला कपडे घालून बघायच्या खोलीपाशी गाठलं.

"कोट विमानाने आले होते. ठाऊक आहे ना तुला?"

"हो, ताई."

"मग आकड्यात कुठे आहे ते?"

"विमान आपलं कुठे आहे?" भावजय हळू आवाजात म्हणाली. "आपण हिशेबात आपली दुकानं धरतो, ऑफिस धरतो, आपल्या गाड्या धरतो. शब्द तेवढ्याचाच दिलाय. भाड्याच्या विमानाचा धूर विमानवाल्याचा."

"पण धूर तर निघालाच की!"

बोलून गेल्यावर लेकीला आपलंच नवल वाटलं.

"मी तेच म्हणत होते बाबांना," भावजय म्हणाली. "सगळा माल धरा म्हटलं. ते म्हणाले, झेपेल तेवढाच शब्द द्यावा माणसाने. ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. मालातलं तुम्हालाच कळतं, तुमचं ऐकतील. मी किती झालं तरी काल आलेली."

जिला लेक वर्षभर पाण्यात पाहत होती, ती तिच्याकडे मदत मागत होती. आणि मागणं खरं होतं, ते तिला कळत होतं.

तेवढ्यात गुच्छ सांभाळत बाबाच तिथे आले. आल्या आल्या त्यांनी मोकळा हात लेकीच्या खांद्यावर टाकला.

"थंडी पडली तेव्हा समोरच्यांची दुकानं ओस होती आणि आपल्याकडे कोट टांगून तयार!" ते आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कुणामुळे? माझ्या लेकीमुळे. इतकी वर्षं गुपचूप काम करते पोरगी, आमचं लक्षच नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षापासून सगळा माल असाच मागवायचा. विमानाने. आकड्यालाही धक्का नाही. काय?"

भावजय लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"हो, बाबा," लेक म्हणाली.

बाबा वयाने आता तिच्याहून बुटके झाले होते. खांद्यावरचा हात घसरू नये म्हणून ती थोडी वाकून उभी राहिली.