पन्नास किलो आणि एक वरवंटा

तांदळाचं पोतं बुलेटच्या मागच्या सीटवर उभं करून हिरामण ते जुन्या पातळाने बांधत होता. सहादू मेकॅनिकने त्याला सुतळी देऊ केली.

"नको. काचते."

"पोत्याला?"

हिरामणने पिशवीतून घरचा वरवंटा काढला आणि पोत्याच्या तोंडात नीट खोचला.

सहादू थोडा मागे सरकून बघत राहिला. गाडीला नवे मागचे शॉकअप त्यानेच सकाळी बसवले होते. जुने जमिनीवर पडले होते, तेल गळून, दोन म्हाताऱ्या पैलवानांसारखे. आता स्प्रिंग किती घट्ट ठेवायची ते मागे बसणाऱ्याच्या वजनावर ठरणार होतं, म्हणून तो कालच म्हणाला होता, की वहिनींनाच घेऊन या. हिरामणने आदल्या संध्याकाळी बायकोला, ज्योत्स्नाला, तिचं वजन विचारलं होतं. त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नव्हती. म्हणून हे पोतं.

"वहिनी एवढ्याच असतील?"

"वरवंटा धरून."

"अंदाजे?"

"अंदाजे कसं? सहा वर्षांपूर्वीचं पाठीला आठवतंय."

सहा वर्षांपूर्वी घोटीच्या अलीकडे एक खड्डा आला होता. हिरामण तेव्हा गात होता. ज्योत्स्ना सीटवरून वर गेली आणि परत आली, पण कंबर वेगळी आली. महिनाभर ती अंथरुणात होती. त्यानंतर दोघं पूर्वीसारखेच सगळीकडे एकत्र फिरत, फक्त ती एसटीने. वणीला, शिर्डीला, एकदा तर थेट महाबळेश्वरला. ती खिडकीत, हा खिडकीच्या बाजूने बुलेटवर. स्टँड आला की तो खालून शेंगदाण्याची पुडी वर द्यायचा. एका कंडक्टरने त्याच्याकडेही तिकिटाचे पैसे मागितले होते.

सहादूने पान्ह्याने स्प्रिंगखालची कडी एक खाच फिरवली. पोतं किंचित वर आलं. मग तो पुढे झाला आणि उजवा आरसा सारखा करायला गेला.

"त्याला हात लावू नको."

"अहो भाऊ, यात मागची गाडी दिसत नाही, रस्ता दिसत नाही. नुसतं आकाश दिसतंय."

"तिथं तिचं तोंड येतं."

सहादूने हात पुसला. आधीच पुसलेला होता, तरी पुसला.

"एक राउंड मारून या. गल्लीच्या टोकाला रस्ता खोदलाय, त्यावरून घ्या. गाडी खाली बसतेय का बघा."

हिरामणने किक मारली. सवयीने तो टाकीकडे सरकून बसला. मागे जागा सोडून बसायची त्याची पद्धत एकटा असतानाही सुटली नव्हती, त्यामुळे त्याच्या सगळ्या पँटी एकाच ठिकाणी झिजायच्या. बुलेट निघाली. पोतं डुललं आणि त्याच्या पाठीला टेकलं. हिरामण अजून थोडा ताठ झाला.

तो गल्लीच्या टोकाला पोचला आणि इकडे गॅरेजसमोर रिक्षा थांबली. ज्योत्स्ना उतरली.

"सहादूभाऊ, हे कुठायत? कुकर लावायला डबा उघडला तर तांदूळ नाही. पोतं बघायला गेले तर पोतं नाही. वरवंटापण नाही. चोर आला असता तर टीव्ही तरी नेला असता."

सहादूने नुसतं गल्लीच्या टोकाकडे बोट केलं.

बुलेट वळून येत होती. खोदलेल्या पट्ट्याजवळ ती हळू झाली. इंजिनाच्या वर आवाज चढवून, मान थोडी मागे वळवून हिरामण ओरडला, "खड्डा आलाय गं! घट्ट धर!"

गाडी खाली गेली, वर आली. पोतं जागचं हललं नाही. "लागलं नाही ना?" त्याने विचारलं.

शेजारच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात तशीच धरून ठेवली.

हिरामण गॅरेजसमोर आला आणि समोर ज्योत्स्ना दिसताच त्याने इंजिन बंद केलं. मागे पोतं, पुढे बायको. दोघींपैकी कोणाकडे बघावं ते त्याला कळेना.

"हे माझं पातळ."

"सुतळी काचली असती."

"आणि हा वरवंटा?"

"पोतं पन्नासचंच मिळतं."

ती जवळ आली. पोत्याकडे बघितलं, वरवंट्याकडे बघितलं. "एवढी नाहीये मी."

"कमी करू का?" सहादूने पान्हा उचलला.

"तुम्ही थांबा हो." ती हिरामणकडे वळली. "पोत्याला सांगता होय, खड्डा आला म्हणून?"

"सवय करत होतो."

"तेव्हा गात होतात."

"हो."

"आता नाही गात?"

"नाही. तेव्हापासून नाही."

ज्योत्स्नाने पातळाची गाठ सोडली. पातळाची घडी करून काखेत मारली. सहादू आणि रिक्षावाल्याने मिळून पोतं उतरवलं आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर मधोमध बसवलं.

"दादा, ह्यांना इंदिरानगरला सोडा," ती म्हणाली. "खाली वॉचमन आहे, तो उतरवून घेईल. रस्ता बघून चालवा."

"आणि तुम्ही?"

ती बुलेटकडे वळली होती. रिक्षा थोडा वेळ थांबली, मग पोत्याला घेऊन गेली.

बुलेटच्या मागच्या सीटवर तांदळाची पांढरी पूड सांडली होती. ज्योत्स्नाने तळहाताने सीट एकदा दाबून बघितली. सीट खाली गेली आणि सावकाश वर आली. मग ती पदराने पूड झटकू लागली.

हिरामण मागे वळला नाही. टाकीकडे सरकून बसला आणि उजव्या आरशात बघत राहिला. आरशात अजून तरी आकाशच होतं.