सुभद्राबाईची सुट्टी

चौथ्या पोरानं लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर पुन्हा तेच निळं पान आलं. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम. दामिनीनं हातातला गिला वडा तसाच प्लेटीत ठेवला. सकाळपासून हाच तमाशा! तेच पान, तीच पोपटपंची, आणि वरून प्रत्येकाचं एकच तुणतुणं, मी स्वतः बनवला.

कंपनीनं तिला आणि श्याम सरांना अमरावतीच्या या कॉलेजात एका जागेसाठी मुलाखती घ्यायला पाठवलं होतं. दामिनी इथंच शिकलेली. पडद्यावरचा हा प्रोजेक्टही तिचाच. शेवटच्या वर्षाला तिनं तो गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं छापायला दिला होता. त्या हरामखोरानं फाइली ठेवून घेतल्या, आणि तेव्हापासून तो पोरांना विकून राहिला होता.

"पेशंटची यादी दाखव," ती म्हणाली.

समोरच्या पियुषनं ऐटीत बटण दाबलं. पहिलंच नाव, सुभद्रा, हिवरखेड. ताप. खाट सात.

"हे कोण हाय?"

"कोणी नाही, मॅडम. डमी नाव आहे."

दामिनीच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. सुभद्रा तिची माय. माय अकोल्याच्या दवाखान्यात तापानं पडली होती, तेव्हा खाटेशेजारी बसून दामिनी हे लिहीत होती. चालतं का पाहायला तिनं मायचंच नाव टाकलं. डिस्चार्जचं बटण तेवढं चालू करायचं राहिलं होतं. माय घरी आली की जोडू, असं तिनं ठरवलं होतं. माय आली नाही. बटण नुसतं दिसायचं, मागं काहीच नव्हतं.

"तिले डिस्चार्ज दे."

पियुषनं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग तो हसला.

"मॅडम, हे बटण कोणी दाबतच नाही. परीक्षेतही कोणी विचारलं नाही."

श्याम सरही हसले. "जा, बाहेर बस," ते त्याला म्हणाले. लॅपटॉप टेबलावरच उघडा राहिला.

दार लागताच सरांनी पेन काढलं. "पोरगा बिनधास्त आहे. घेऊन टाकू."

"अन् पौर्णिमा?"

पौर्णिमा अंजनगावची. बाप आणि काका एकाच विहिरीवर पाण्याच्या पाळीसाठी भांडतात, म्हणून तिनं पाळ्या लावणारं ॲप लिहिलं होतं. ते मुलाखतीत दाखवता दाखवता अडकलं. आता ती बाहेर व्हरांड्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन चूक शोधत बसली होती.

"तिचं तर बंद पडलं."

"सर, सकाळपासून तिचं तेवढं एकच स्वतः लिहिलेलं होतं."

"कोणी लिहिलं याच्याशी क्लायंटला काय देणंघेणं? चाललं पाहिजे." सरांनी पियुषच्या नावापुढं सही ठोकली आणि कागद तिच्याकडं सरकवला. "तुझ्याच टीममध्ये देतो. तू शिकव त्याला."

दामिनीला किळस आली. पोराची थोडी, सरांची जास्त. दोघांच्या सह्या झाल्या की पौर्णिमा घरी जाणार, आणि हा उद्यापासून 'मॅडम, मॅडम' करत शेजारी बसणार. शी!

तिनं कागद परत सरकवला.

"मी सही नाही करत."

"अगं, कारण काय लिहू?"

दामिनीनं पडद्याकडं बोट केलं. आवाज चढला, आणि ऑफिसात जपून ठेवलेली उरलीसुरली पुणेरी बोलीही पार सुटून गेली.

"थे पाहा सर, पह्यलं नाव. मायी माय हाय ते. इतक्या वर्सांपासून हे पोट्टे तिले तापात भरती करून राहिले. एकानंही तिले घरी सोडलं नाही. बोलवा त्याले आत. माया मायले घरी सोडून दाखव म्हना, मंग करतो मी सही."