चारची बस

लेक महिन्यातून एकदा यायची, जेवायची आणि पावणेचार वाजले की पर्स उचलायची. "आई, चारची बस चुकली तर साडेचारची गाडी मिळायची नाही." म्हातारी मग 'बस की गं थोडी' हे ओठांवरचं वाक्य गिळून दार उघडायची. गाडी थोडीच कुणाच्या आईसाठी थांबते!

त्या दिवशी लेक छत्री विसरली. म्हातारी दुखरे गुडघे ओढत पुढच्या बसने स्टेशनवर पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. लेक तर गेलीच असणार, पण गाडीला उशीर झाला असला तर, म्हणून तिने तिकीट खिडकीवर साडेचारच्या गाडीची चौकशी केली.

"साडेचारची? आजी, ती बंद होऊन दोन वर्षं झाली," आतला बाबू म्हणाला. "आता एकदम सव्वासहाला."

समोर फलाटावर, पंख्याखालच्या बाकावर लेक पाय पसरून बसली होती. शेंगा सोलत फोनवर कुणाशी तरी खळखळून हसत होती. इतकं हसताना म्हातारीने तिला घरी कधी पाहिलं नव्हतं.

तिने छत्री खिडकीतून आत सरकवली. "त्या बाकावरच्या बाईंना द्या. बसमध्ये सापडली म्हणावं."

पुढच्या महिन्यात जेवून लेकीने हात धुतले न धुतले तोच म्हातारी म्हणाली, "अगं, वेळापत्रक बदललंय. तुझी बस आता दोनलाच सुटते."

'कधीपासून?' एवढंही न विचारता लेकीने चपला पायात सरकवल्या.