पहिल्या वर्षीची गाडी

“पहिल्या वर्षीच्या गाड्या म्हंजे कंपनीनं आपल्यावर करून पाहिलेला प्रयोग हाय!” बालाजीनं टेबलावर थाप मारली, तसा बशीतला चहा हिंदकळला.

वारंगा फाट्यावरच्या हॉटेलापुढं तीन स्पोर्ट्स कार उभ्या होत्या. दोन दारांच्या, पोट जमिनीला टेकल्यासारख्या. येणारे-जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. त्यातल्या एकीचा मालक गुलाबचंद. त्याला आपली, मॉडेल निघालं त्या पहिल्या वर्षीचीच प्यारी. नव्या गाडीत हँडब्रेकचा दांडा जाऊन बटण आलं होतं आणि नवं सॉफ्टवेअर टाकलं की इंजिनाचा आवाजच बसतो, अशी त्याची तक्रार. “गाडी हाय का मोबाईल?” तो म्हणायचा. बालाजीचं पालुपद एकच. दुसऱ्या वर्षी कंपनीनं ब्रेकचं युनिट गुपचूप बदललं. खोट नव्हती, तर बदललं काहून?

“अन् पुरावा हा आपला विश्वंभर!”

विश्वंभर मात्र खुर्चीत नव्हता. सकाळपासून तो आपल्या पहिल्या वर्षीच्याच लाल गाडीपर्यंत जात होता आणि परत येत होता. कंपनीचं माणूस आज ती तपासायला येणार होतं. चहा तसाच निवला होता.

आठ महिन्यांपूर्वी औंढ्याच्या रस्त्यावर, एका वळणावर ही गाडी बाभळीवर आदळली. विश्वंभरला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या शाकीरच्या पायात मात्र सळई घालावी लागली. शाकीर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. फाट्यावरच त्याचं टायरचं दुकान. ट्रकचं चाक एकटा उचलणारा गडी आता खुर्चीत बसून दुसऱ्यांना सांगायचा, हे उचला, ते ठेवा.

“ब्रेक लागलाच न्हाई,” असं विश्वंभरनं सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना सांगितलं, गाडीमालकांच्या ग्रुपवर सांगितलं, दवाखान्यात शाकीरच्या आईला, फातिमाबीलाही सांगितलं. तिनं उलट त्याच्याच डोक्यावरून हात फिरवला. “तू बच गया, बेटा. अल्ला का करम है.” तेव्हापासून त्या एका वाक्यावर राज्यभरातले मालक कंपनीशी भांडून राहिले होते.

वाक्य तसं खोटंही नव्हतं. ब्रेक लागला नव्हता, कारण विश्वंभरचा पाय तिथं गेलाच नव्हता. नजर मोबाईलवर होती. ग्रुपवर कुणीतरी नव्या अपडेटबद्दल विचारलं होतं आणि तो एका हातानं उत्तर लिहीत होता.

शाकीरला कुणी विचारलं, तर तो एवढंच म्हणायचा, “गाडी विशूची. त्यालाच इचारा.”

कंपनीनं पाठवलेली इंजिनियर प्रियदर्शनी अखेर आली. पोरगी पंचविशीची असेल. तिनं लॅपटॉप उघडला, पिशवीतून केबल काढली.

“आता बघा!” बालाजी हात चोळत उठला. “ब्रेक कवा दाबला, किती जोरात दाबला, समदं बाहेर येतंय. कंपनीला तोंड लपवायला जागा राहणार न्हाई.”

“साहेब, चावी देता?” प्रियदर्शनीनं विचारलं.

विश्वंभरनं चावी मुठीत आवळली. हात लावू देत नाही म्हटलं असतं, तरी सगळे त्याच्याच बाजूनं उभे राहिले असते. तेवढ्यात पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या शाकीरची खुर्ची करकरली. त्यालाही बघायला यायचं होतं. दोन्ही हात टेबलावर रेटून तो उठत होता. पाय गुडघ्यात वाकेना. एकदा उठला, परत बसला. कुणाकडं न बघता पुन्हा उठायला लागला.

“थांबा,” विश्वंभर म्हणाला. “चावी देतो. पर आधी ऐका. म्या ब्रेक दाबलाच न्हाई. मोबाईल पाहून राहिलो व्हतो. गाडीचा काही कसूर न्हाई.”

रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

प्रियदर्शनीनं गाडीचा नंबर तपासला. मग जरा अवघडून म्हणाली, “साहेब, मी फक्त ब्रेकचं युनिट तपासायला आले होते. पहिल्या वर्षीच्या गाडीत ही नोंद राहतच नाही. ते हार्डवेअर दुसऱ्या वर्षापासून आलंय.”

“हात्तिच्या!” बालाजीनं कपाळाला हात लावला. “मंग बोललास काहून? कोणाला कवाच कळलं नसतं!”

विश्वंभर मान खाली घालून उभा होता. शाकीर एव्हाना उठून, पाय ओढत त्याच्याजवळ आला होता. त्यानं विश्वंभरच्या खांद्यावर भार टाकला आणि बालाजीकडं न बघताच म्हणाला,

“गाडीत नसंल नोंद. पर शेजारच्या सीटवर मी व्हतो ना, विशू.”