फुटका बंपर

शेवटचा बोल्ट सुटला आणि फुटका प्लास्टिकचा बंपर थेट प्रेरणाच्या मांडीवर आला. तिनं तो बाजूला सारला, कोपरानं कपाळावरचा घाम पुसला आणि चेसीवरची माती फडक्यानं झाडायला घेतली. नवा बंपर शेजारीच पोत्यावर पडला होता. काळाकुट्ट, जाड लोखंडाचा.

तेवढ्यात फाटक वाजलं. सासरे काकासाहेब गंगापूरहून आले होते, आणि त्यांच्यासोबत पाचोडचा कडुबा होता. थार जीप बघायला. म्हणजे घ्यायलाच.

प्रेरणा उठली नाही. खाली बसून काम करायला अडचण होते म्हणून तिनं कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. गेल्या वर्षी नगर नाक्यावर टँकरनं तिची स्कूटी उडवली आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्याआधी हीच थार ती डोंगरातल्या स्पर्धांमध्ये चालवायची. म्हैसमाळच्या अंगाला जिथं माणूस हात टेकत चढतो, तिथून ती गाडी वर काढायची. तिचे फोटो नाना, म्हणजे काकासाहेबच, गंगापूरच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखी माणसांना दाखवत फिरायचे.

तेच नाना मागच्या खेपेला आले आणि बंपरचे दोन्ही कोपरे फुटलेले पाहून हबकले. सून एका पायावर चोरून गाडी चालवतेय, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. दवाखान्याच्या बाकावर काढलेल्या रात्री ते विसरले नव्हते. भ्यायले, म्हणून लई बोलले. प्रेरणा व्हयही म्हणाली नाही आणि नायही म्हणाली नाही. गाडी विकायची नाही, एवढंच म्हणाली. गाडी तिच्या नवऱ्याच्या, शिवमच्या नावावर. मग नानांनी पोराला फोन केला. शिवम म्हणाला, बघू. शिवमचं ‘बघू’ म्हणजे शेवटी नाना म्हणतील तसंच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्ता तो शिवम गाडीखाली उताणा पडून नव्या बंपरचे ब्रॅकेट कसत होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

लोखंडी बंपर पाहून नाना आधी खूशच झाले. गिऱ्हाईक येणार म्हणून पोरांनी गाडी नीट करायला घेतली, असं त्यांना वाटलं. प्रेरणानं सांगितलं, तसं काही नाही. रविवारी दौलताबादच्या पलीकडच्या रानात स्पर्धा आहे, ही त्याची तयारी.

नाना ओट्यावर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“पोरी, एक पाय गेला. दुसराबी घालवायचाय का?”

“गाडी विकायची नाय, नाना.”

कडुबा अवघडला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, सुनेला जमत नसंल तर तिचे मालक आहेतच की, ते का चालवत नाहीत? नाना कोरडं हसले. शाळेत असताना शिवमनं ट्रॅक्टर थेट गोठ्यात घातला होता. भिंत पडली, बैल मेला. नानांनी अख्ख्या गल्लीसमोर किल्ली काढून घेतली आणि ह्या हातात पुन्हा चाक द्यायचं नाही, असं बजावलं. त्यानंतर पोरानं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. लग्न झाल्यावरही बायकोच्या शेजारी बसूनच हिंडला. हे सगळं नानांनी मोकळ्या गळ्यानं सांगितलं. गाडीखाली फिरणारा पाना थांबला.

प्रेरणानं तो थांबलेला ऐकला. तिनं एक वाक्य टाकलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं. तिनं नव्या बंपरखाली जॅक सरकवला आणि दांडा मारायला लागली. लोखंड हळूहळू वर आलं. तिच्या बाजूची भोकं जुळली, पलीकडची थोडी खाली राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “तुमची बाजू जरा उचला.”

शिवमनं दोन्ही हातांनी रेटा दिला. भोकासमोर भोक आलं. एक बोल्ट त्यानं सरकवला, एक तिनं.

कडुबाला पुढं कामं होती. त्याची चुळबुळ पाहून नाना उठले आणि हात पुढं करून म्हणाले, “शिवम, चावी दे.”

शिवम गाडीखालून बाहेर आला. पाठीला माती, हाताला ग्रीस. चावी त्याच्या खिशात होती. त्यानं खिशावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

“बंपर मी फोडला, नाना.”

नानांचा हात तसाच पुढं राहिला.

मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. रोज सकाळी इथल्याच सातारा डोंगराच्या पायथ्याला दोघं जातात, ही शेजारी बसते, ही शिकवते. एकदा दगडावर घातली, एकदा बाभळीवर. सांगायचं धाडस झालं नाही. “रविवारी चाक माझ्या हातात आणि वाट हिची,” तो म्हणाला. “गाडी विकायची नाय.”

कडुबा गुपचूप फाटकाकडं वळला. नानांनी सुनेकडं पाहिलं. एवढं ऐकून घेतलं, मग सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं.

“सांगायचं ह्यांनी होतं.”

नानांची नजर पोराच्या काळ्या हातांवर गेली. मग म्हणाले, “आन् परत ठोकली तर?”

प्रेरणानं पान्यावर सगळं अंग टाकलं आणि शेवटचा आटा कसला.

“ठोकणारच की, नाना. म्हणून तर लोखंडाचा बसवला.”